पाणी दिलं तरी पातं मऊच? तेल बदलू नका, आधी कानस घ्या

कोहळं कापताना माझ्या पहिल्या सुरीची धार वळली. मोडली नाही, वळली. नख फिरवून पाहिलं तर एका बाजूला ओठ आल्यासारखी लागत होती. दगडावर चार हात मारले, धार परत आली, आणि अर्धं कोहळं व्हायच्या आत पुन्हा गेली. दीड महिना रविवार-रविवार खपून केलेली सुरी होती ती. "बाजारातली चाळीस रुपयांची बरी," एवढंच घरातून ऐकू आलं.

घरच्या घरी सुऱ्या करायला लागलेले लोक भेटले की हीच तक्रार सांगतात. लाल करून तेलात बुडवलं (पातं असं तापवून विझवून कडक करणं म्हणजेच पाणी देणं, मग विझवायला तेल असलं तरी), धूर निघाला, चर्र आवाज झाला, सगळं दाखवतात तसंच झालं. तरी पातं मऊ. आणि लगेच पुढचा प्रश्न येतो, "तेल कोणतं वापरता?" मीही हाच विचारायचो. सोयाबीनचं झालं, शेंगदाण्याचं झालं, एकदा तर घरात होतं म्हणून जवसाचं ओतलं (ते करू नका, जवसाचं तेल वाळून चिकट होतं आणि डबा कायमचा बरबटतो). पातं होतं तसंच. तेलाचा दोष असतो कधीकधी, पण तो यादीत बराच खाली येतो.

सुरुवात कानशीपासून करायची.

पातं तेलातून निघून हाताला सोसेल इतकं निवलं की, ठिसूळपणा घालवायला ओव्हनमध्ये घालायच्या आधी, पुसून घ्या. वरची काळी खपली पॉलिश पेपरनं थोडी काढा. आता चांगल्या कानशीचा कोपरा धारेवर हलक्या हातानं, जोर न देता सरकवा. पाणी नीट चढलं असेल तर कानस काचेवरून जावी तशी सुळकन घसरते आणि आवाज बारीक, किणकिणता येतो. मऊ असेल तर कानस धरते, हाताला अडल्यासारखं होतं आणि खाली लोखंडाचा भुसा पडतो.

इथे एक फसगत आहे आणि मी तिच्यात चांगला अडकलो होतो. भट्टीत पातं उघड्यावर तापतं तेव्हा वरच्या पातळ थरातला कार्बन जळून जातो. तो पापुद्रा मऊच राहतो, आतलं पोलाद मात्र कडक झालेलं असतं. कानशीचे पहिले दोन-तीन हात धरतात आणि आपण "गेलं!" म्हणून पातं पुन्हा भट्टीत टाकतो. पुन्हा तापवलं की पापुद्रा आणखी जाड. मी एक चांगलं पातं असं तीनदा तापवून वाया घालवलं. त्यामुळे एकाच जागी सहा-सात हात मारा. आधी धरून मग घसरायला लागली तर पातं ठीक आहे, वरचा थर नंतर घासून काढायचा.

हीच तपासणी टोकाशी, मधे आणि मुठीजवळ अशी तीन ठिकाणी करा. सगळीकडे मऊ लागलं तर पट्टी चुकीची किंवा ताव कमी, म्हणजे भट्टीत पातं पुरेसं तापलं नाही. फक्त मुठीकडे मऊ असेल तर ताव सारखा बसलेला नाही. आणि तेलातून काढल्यावर सगळीकडे कडक होतं पण सुरी तयार झाल्यावर धार वळायला लागली, तर घोळ नंतर झालाय, ग्राइंडरवर किंवा ओव्हनमध्ये.

पट्टीच पोलादाची नसेल तर

माझ्या पहिल्या सुरीचं हेच झालं होतं. नागपूरला इतवारीत लोहा ओळीत गेलो आणि "चाकूसाठी पट्टी द्या" म्हणालो. दुकानदारानं तीन मिलिमीटरची चकचकीत पट्टी काढून दिली, वर "एकदम कडक माल" अशी ग्वाही. ग्रेड मी विचारला नाही, त्यानं सांगितला नाही. ती निघाली साधी एमएस (माइल्ड स्टील), खिडकीच्या ग्रिलला लावतात ती. एमएसमध्ये कार्बन पाव टक्क्याच्या आतच असतो. सुरीला निदान अर्धा-पाऊण टक्का तरी हवा, त्याखाली पाणी चढतच नाही म्हणा ना.

हे मला कळलं ते कामठी रोडवरच्या एका लोहारकाकांकडून. मी पातं घेऊन गेलो, तेलाविषयी विचारलं. त्यांनी पातं ऐरणीवर एकदा आपटलं, आवाज ऐकला, आणि म्हणाले, "तुले कोनं सांगलं हे पोलाद हाय म्हनून? लोखंड हाय हे. याले सात जनम पानी पाज, थे मऊच राहीन." मग माझ्याकडे पाहून, "पैसे किती देल्ले?" मी आकडा थोडा कमी करून सांगितला.

पेंच नदीकाठच्या नायकुंडला उत्खननात महापाषाण काळातली लोखंड गाळायची भट्टी सापडलीये. म्हणजे आपल्या जिल्ह्यात हे काम अडीच हजार वर्षांहून जुनं, आणि मी लोखंड-पोलादातला फरक न विचारता रोख पैसे मोजून आलो.

पट्टी ओळखायची खात्रीची रीत अशी. टोकाकडून बोटभर तुकडा कापा. भट्टीत नीट लाल करा आणि सरळ साध्या पाण्यात बुडवा. तुकड्याच्या बाबतीत तडा जायची भीती धरायची नाही, तडा गेला तर आनंदच. निवल्यावर अर्धा तुकडा व्हाइसमध्ये पकडून, डोळ्यावर गॉगल लावून, वरच्या अर्ध्यावर हातोडी मारा. काचेसारखा तुटला तर पट्टी कामाची. वाकला तर ग्रिलवाल्याला परत करा. हे दहा मिनिटांचं काम न करता महिनाभर पातं घासणारे लोक मी पाहिलेत, आरशात रोज एक दिसतो.

ग्राइंडरच्या ठिणग्यांवरूनही अंदाज येतो. एमएसच्या ठिणग्या लांब, सरळ, फार न फुटणाऱ्या. कार्बन जास्त असेल तर ठिणगी थोडी जाऊन फुटते, फुलबाजीसारखी फांद्या फेकते. घरात जुनी कानस असेल तर आधी तिच्या ठिणग्या पाहून ठेवा, म्हणजे डोळ्याला माप मिळतं.

नवशिक्यानं घ्यावं काय? माझं मत, वाडीकडच्या ट्रकच्या गॅरेजांतून पाटा, म्हणजे गाडीच्या स्प्रिंगची पट्टी, घ्या. छोट्या मालवाहू टेम्पोचा पाटा त्यातल्या त्यात पातळ, तो बरा. हे स्प्रिंगचं पोलाद तेलात चांगलं कडक होतं आणि नवशिक्याच्या चुका पोटात घालतं. दुकानातून घ्यायचं तर 'ईएन ४५' मागा, तेही याच जातीचं. 'ईएन ८' सहज मिळतं म्हणून घेऊ नका, त्यात कार्बन ०.४ टक्क्याच्या आसपास, सुरीला कमी पडतो. बेअरिंगचं 'ईएन ३१' उत्तम, पण ते ठरलेल्या तापमानाला काही मिनिटं स्थिर धरावं लागतं. साध्या भट्टीत ते जमणं कठीण, म्हणून पहिल्या वर्षी नको. जुन्या पाट्यात कधी बारीक तडे असतात. तुटलेला पाटा घेतलात तर तुटल्या जागेपासून दूरचा भाग कापा. पाटा आधीच कडक असल्यामुळे करवत चालत नाही. चुंबक चिकटेनासं होईपर्यंत तापवून रात्रभर कोरड्या राखेत पुरून ठेवा, सकाळी मऊ मिळतो.

स्टेनलेसच्या नादी तूर्त लागू नका. भांड्यांचं ३०४ तर कितीही तापवून विझवलं तरी कडक होत नाही, आणि सुऱ्यांच्या स्टेनलेसला १००० अंशांच्या वर नेमका ताव लागतो. जस्ताचा मुलामा असलेली कोणतीही पट्टी भट्टीत घालू नका, तो धूर छातीत गेला की ताप भरतो.

ताव

पट्टी पास झाली आणि तरी पातं सगळीकडे मऊ, तर जवळपास नेहमी ताव कमी पडलेला असतो.

सगळे सांगतात, चुंबक चिकटेनासं झालं की तेलात टाका. हे अर्धंच खरं. लोखंडाचं चुंबकत्व ७७० अंशांच्या सुमारास जातं. पाट्याच्या पोलादाला पाणी द्यायला साधारण ८३० ते ८७० लागतात. म्हणजे चुंबक सुटलं की तिथून पुढे अजून थोडं तापवायचं आहे, आणि तेही सगळं पातं सारखं. चुंबक सुटलं त्याच क्षणी बाहेर काढलं तर तेलापर्यंत येईतो धार, जी सगळ्यात पातळ, ती केव्हाच निवलेली असते.

हे 'अजून थोडं' मोजायला स्वयंपाकघरातलं मीठ उपयोगी पडतं. साधं मीठ ८०१ अंशांना वितळतं. चुंबक सुटल्यावर चिमूटभर कोरडं मीठ पात्यावर टाका. आधी तडतडेल, दाणे उडतील. मग एका क्षणी उरलेले दाणे पाण्यासारखे होऊन पात्यावर पसरतात. तिथून रंग एक छटा उजळला की काढा. महागडा थर्मामीटर नसलेल्याला यापेक्षा खात्रीचं काही मला तरी सापडलं नाही. नंतर पातं धुवा, नाहीतर मीठ गंज धरवतं.

अंधुक जागी नीट पाहिलंत तर आणखी एक गोष्ट दिसते. पातं लाल होत असताना त्यात काळसर सावल्या सरकतात, ढगाची सावली शेतातून जाते तशा. पोलादाची आतली रचना बदलत असते तेव्हा ते उष्णता आत ओढून घेतं, तो भाग शेजारच्यापेक्षा गडद दिसतो. सावली कडेपासून आत सरकत जाऊन पुसली गेली की तिथलं काम झालं. मला हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी बघतच बसलो आणि टोक जाळलं.

रंगावर विसंबायचं तर जागा आणि वेळ एकच ठेवा. आपल्या मे महिन्यातल्या उन्हात तापलेलं पातंही फिकं दिसतं, माणूस तापवतच राहतो आणि पार पुढे जातो. उलट हिवाळ्यात रात्री अंगणात साधी ६०० ची लालीही डोळ्यात भरते आणि आपण फार लवकर काढतो. मी आता वर्षभर संध्याकाळी, पत्र्याच्या शेडच्या सावलीत करतो. शिवाय नागपूरकराच्या तोंडी "संत्र्यासारखं झालं की काढ" हे पटकन येतं. नको. पातं स्वच्छ संत्र्याच्या रंगाचं झालं म्हणजे ९०० च्या वर गेलं. आपल्याला त्याच्या अलीकडचा लाल हवा.

जास्त तापलं तरी कानस घसरेल, पण पातं ठिसूळ होईल. ते कळतं मोडून. पाणी दिलेला तुकडा तोडून मोडलेली जागा बघा. राखाडी, मऊ मखमलीसारखी दिसली तर छान. साखरेच्या दाण्यांसारखी चमकली तर ताव फार झाला. त्यावर उपाय म्हणजे पाणी द्यायच्या आधी पातं तीनदा तापवून प्रत्येक वेळी वाऱ्याच्या झोताशिवाय, आपोआप काळं पडेपर्यंत निवू द्यायचं. दर वेळी ताव आधीपेक्षा किंचित कमी. दाणा बारीक होतो, आणि घण मारताना आत साठलेला ताण जातो, त्यामुळे पातं तेलात वाकडंही कमी होतं. कूलर सुरू असेल तर बंद करा. मी एकदा दारातल्या कूलरच्या वाऱ्यात पातं निववलं आणि ते केळीसारखं वाकलं.

मुठीकडची बाजूच मऊ राहत असेल तर भट्टी बघा. कोळशाच्या भट्टीत ब्लोअरचा झोत एका जागी लागतो, टोक पांढरं व्हायला येतं आणि मागचा भाग नुसता तांबूस. कोळशात जाड लोखंडी पाइपाचा तुकडा आडवा ठेवा आणि पातं त्याच्या पोटात मागे-पुढे करत तापवा. ताव सारखा बसतो आणि कार्बनही कमी जळतो. कोळसा लाकडी घ्या. वेस्टर्न कोलफिल्ड्सचं मुख्यालय आपल्याच शहरात आहे म्हणून दगडी कोळसा पेटवलात तर धूर आणि शेजारी दोन्ही आवरायचे नाहीत.

आता तेल

पाट्याचं पोलाद तेलाच्या बाबतीत फार चोखंदळ नाही. सुरीसारखं पातळ पातं कोमट सोयाबीन तेलातही पूर्ण कडक होतं. नाही झालं तर तेलाला दोष देऊ नका, वर ताव वाचा. पण पातं जुन्या कानशीचं केलं असेल तर गोष्ट वेगळी. त्यात कार्बन एक टक्क्याच्या वर आणि बाकी मिश्रण जवळपास नाही, त्याला पहिल्या सेकंदभरात झपाट्यानं थंड करावं लागतं. तिथे जाड, थंड तेल खरंच नडतं.

तेल ५० ते ६० अंशांवर आणा. गार तेल घट्ट असतं, पात्याभोवती वाफेचं कवच लवकर सुटत नाही. डिसेंबरात आपल्याकडे रात्री पारा १० च्या आसपास येतो, तेव्हा हे विसरलं की हमखास फसतं. लोखंडाचा तुकडा तापवून आधी तेलात बुडवा, तेल कोमट होतं. मे महिन्यात दुपारी पत्र्याखाली ठेवलेलं तेल तसंही चाळिशीत असतं. छोट्या सुरीला निदान चार लिटर तेल हवं, वाटीभर तेलात पातं विझत नाही, तळलं जातं. डबा भट्टीपासून हाताच्या अंतरावर. पातं टोकाकडून सरळ आत, मग धारेच्या दिशेनं पुढे-मागे. बाजूला हलवलं की वाकतं.

गाडीचं जळकं ऑइल फुकट मिळतं, तरी नको. त्याचा धूर विषारी आहे. आणि पाण्यात तर नाहीच. ताव बरोबर होता, पट्टी पाट्याची होती, आणि मी लोहार पाण्यात विझवतात म्हणून बादलीत घातलं. 'टिंग' असा अगदी मंजूळ आवाज आला. धारेपासून निम्म्यापर्यंत केसासारखी रेघ. त्या पात्याला काही उपाय नाही.

डबा लोखंडी आणि वर बसणारं झाकण जवळ असू द्या. तेलानं पेट घेतला तर झाकण टाकायचं, पाणी ओतायचं नाही.

कडक झालं होतं, मग गेलं कुठे?

ग्राइंडरनं. पाणी दिल्यावर धार काढताना पातळ कडेला क्षणात निळी झाक येते. निळी म्हणजे ३०० अंशांच्या आसपास गेली, तिथलं पाणी उतरलं. नंतर ती जागा घासून चकचकीत केली तरी मऊपणा तसाच राहतो. हातमोजे न घालता पातं धरा, चटका बसायच्या आत पाण्यात बुडवा, दर हाताला. आणि धार आधीच फार पातळ करून ठेवू नका. पाणी द्यायच्या वेळी कडेला एक मिलिमीटरभर जाडी राहू द्या.

दुसरा चोर ओटीजी, म्हणजे घरचा ओव्हन. तेलातून काढलेलं पातं काचेसारखं ठिसूळ असतं, ते तासाभराच्या आत २०० अंशांवर दोन तास, निववून पुन्हा दोन तास ठेवायचं. पण बटणावरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. माझ्या ओटीजीत २०० ला लावलं की आत कधी १७०, कधी २४०. ओव्हनमध्ये ठेवायचा साधा थर्मामीटर आणा, आणि पातं ट्रेमधल्या वाळूत पुरा म्हणजे चढउतार कमी लागतो. घासून चकचकीत केलेल्या जागेवर वाळल्या कडब्याचा रंग आला की नेमकं झालं. तपकिरी-जांभळा झाला तर पुढे गेलात. पातं साबणानं धुऊनच आत ठेवा. तेलाच्या वासाचा केक आमच्याकडे अजून निघतो बोलण्यात.

कानस घसरते, निळं पडलेलं नाही, ओव्हन बरोबर, तरी धार वळते? मग बहुतेक दगडावर घासताना कडेला वळलेला बारीक ओठ धारेवर राहिलाय. चामड्याच्या पट्ट्यावर ओढा आणि पुन्हा कापून बघा.

मऊ राहिलेलं पातं वाया गेलं असं नाही. पोलाद असेल तर तीनदा निववून पुन्हा पाणी देता येतं. फक्त दर वेळी वरचा थर कार्बन गमावतो, त्यामुळे दोनदा-तीनदा करून थांबा आणि नंतर दोन्ही बाजू थोड्या जास्त घासा. सुरुवात स्वयंपाकघरातल्या सुऱ्यांनी करा, लांब पात्यांच्या मोहात पडू नका. ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पातं घरकाम, शेती, विज्ञान किंवा उद्योगासाठी बनवलेलं नसेल तर शस्त्र नियमांत येतं.

त्या लोहारकाकांकडे मी नंतर पाट्याची सुरी घेऊन गेलो. त्यांनी कानस मागितली नाही, नखावर धार टेकवून थोडी दाबली, उजेडात धरून पाहिली. "आता पानी हाय," म्हणाले. "मूठ मात्र बेकार बसवली बाबू."